नॉर्मल म्हणजे कोणाइतकं?

गेल्या वर्षी पावसाळा सरत आला तेव्हा आईला घेऊन पीएफटी, म्हणजे फुप्फुसांची क्षमता मोजायची तपासणी, करायला गेले होते. ज्यांनी ती कधी केलेली नाही त्यांना सांगते: नाकाला चिमटा लावतात, तोंडात पुठ्ठ्याची नळी देतात आणि समोरचा मुलगा ओरडायला लागतो, "आजी, श्वास भरा, भरा, भरा, आता फुंका! जोरात! थांबू नका, अजून, अजून, अजून…" पहिल्यांदा आईला हसू आलं, दुसऱ्यांदा खोकला आला. चौथ्या खेपेला आलेख नीट उमटला. १.७ लिटर. छाती भरून घेतलेला श्वास जमेल तितका रिकामा केल्यावर एकूण एवढी हवा बाहेर पडली. आईचं वय ६२, उंची १५० सेंटिमीटर. विडी-सिगारेटच्या वाटेला ती कधी गेलेली नाही, पण लग्नानंतरची २५ वर्षं सातारा जिल्ह्यातल्या गावी चुलीपुढे काढलेली आहेत. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबते, आणि थांबल्याचं कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून पदर सारखा करते. रिपोर्टवर लिहिलेलं होतं: ९१ टक्के, नॉर्मल.

तंत्रज्ञ मुलगा बोलका होता. ९१ टक्के कशाच्या, असं विचारलं तर त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवला. वय, उंची, स्त्री की पुरुष, यांच्याखाली आणखी एक रकाना होता आणि त्यात माणूस कुठल्या वंशाचा ते निवडायचं होतं. तिथे 'इंडियन' होतं. त्याने ते बदलून युरोपीय गोऱ्यांचं समीकरण लावून दाखवलं. आकडा झाला ७३. हवा तेवढीच, १.७ लिटर. पहिल्या हिशेबाने बाई ठणठणीत, दुसऱ्या हिशेबाने फुप्फुस लहान पडलेली. "मॅडम, आपल्या लोकांची फुप्फुसं लहानच असतात," तो म्हणाला. त्याला तसंच शिकवलेलं आहे, पुस्तकांतही तसंच छापलेलं आहे, त्याचं काही चुकलं नाही. पण घरी येईपर्यंत आणि नंतर कित्येक महिने ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. लहान असतात, की लहान राहतात?

हा प्रश्न फक्त छातीच्या डॉक्टरांवर सोडून देण्यासारखा नाही असं माझं ठाम मत झालं आहे. आपल्या फुप्फुसांची आज जी सरासरी आहे, तिलाच आपण निरोगीपणाचं माप समजून बसलो आहोत. त्या सरासरीत आयांचं अर्धपोटी गरोदरपण आहे, चुलीचा धूर आहे, शहराची हवा आहे. माप त्यांच्यावरूनच बेतलं की त्यांनी केलेलं नुकसान रिपोर्टवर दिसायचं कारणच उरत नाही.

वंशाचा रकाना या यंत्रात आला कसा, ते आधी पाहू. श्वास मोजायचं हे यंत्र, म्हणजे स्पायरोमीटर, ज्याने नावारूपाला आणलं तो जॉन हचिन्सन हा लंडनचा शल्यवैद्य. १८४६ मध्ये त्याने २ हजारांहून अधिक माणसांच्या श्वासाची मोजमापं प्रसिद्ध केली. त्यात खलाशी होते, पोलीस होते, पहिलवान होते, गार्ड पलटणीचे उंचेपुरे शिपाई होते आणि कंगालही होते. उंची १ इंचाने वाढली की श्वास सुमारे ८ घनइंचांनी वाढतो, हा त्याचा शोध आजही टिकून आहे. उंची मोजली म्हणून तर आपण अपेक्षित आकडा काढू शकतो. हचिन्सनला आयुर्विम्यात रस होता, कुठला माणूस लवकर जाईल हे फुंकरीवरून कळावं अशी त्याची धडपड होती. कल्पना मोठी होती आणि बऱ्याच अंशी खरीही ठरली.

हेच यंत्र अमेरिकेत गेलं आणि तिथे त्याचा वापर फार वेगळ्या कामासाठी झाला. लुइझियानात सॅम्युएल कार्टराइट नावाचा डॉक्टर होता. गुलामगिरीचा कडवा समर्थक. गुलाम पळून जातो तो एका मानसिक आजारामुळे, असं १८५१ मध्ये गंभीरपणे लिहिणारा आणि त्या आजाराला नाव देणारा माणूस हाच. कृष्णवर्णीयांची फुप्फुसं गोऱ्यांपेक्षा २० टक्क्यांनी कमी, म्हणून त्यांना शेतात राबवणं त्यांच्याच हिताचं, असा त्याचा सिद्धान्त होता. यादवी युद्धानंतर १८६९ मध्ये बेंजामिन गूल्ड यांनी हजारो सैनिकांची मापं छापली, त्यातही काळ्या सैनिकांचे आकडे कमी आले. ते सैनिक कुठून आले होते, काय खात होते, कुठल्या कोंदट खोल्यांत वाढले होते, हे त्या तक्त्यांत नव्हतं. पुढची शंभर-सव्वाशे वर्षं हा फरक जन्मजात मानला गेला आणि शेवटी यंत्राच्या आत जाऊन बसला: कृष्णवर्णीय असेल तर अपेक्षित आकड्यातून १०-१५ टक्के कापा.

कापण्याचा अर्थ काय होतो हे १९९९ मध्ये बाल्टिमोरला उघड झालं. ॲस्बेस्टॉस या खनिजाच्या तंतूंमुळे फुप्फुसं गेलेले कामगार भरपाई मागत होते आणि एका इन्सुलेशन कंपनीने न्यायालयापुढे म्हणणं मांडलं की काळ्या कामगारांना आजारी ठरवायची कसोटी जास्त कडक हवी, कारण मुळात त्यांचं 'नॉर्मल'च कमी असतं. म्हणजे तेवढीच हवा फुंकणारा गोरा कामगार भरपाईला पात्र, काळा अपात्र. २०२३ मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटी या छातीच्या डॉक्टरांच्या संघटनेने वंशाचा रकाना सोडून सगळ्यांसाठी एकच समीकरण वापरावं अशी अधिकृत शिफारस केली. २०२४ मध्ये तिथल्या संशोधकांनी या बदलाचा हिशेब मांडला, तेव्हा कृष्णवर्णीयांना मिळणारी अपंगत्वाची भरपाई वर्षाला १०० कोटी डॉलरहून जास्त वाढेल असं निघालं. एका रकान्यात इतके पैसे अडकलेले होते, आणि पैशांपेक्षा जास्त म्हणजे इतक्या माणसांचं दुखणं अडकलेलं होतं.

आपली गोष्ट मात्र वेगळी आहे आणि ती नीट सांगायला हवी, कारण अमेरिकेचा निष्कर्ष उचलून इथे चिकटवला तर आपल्याच माणसांवर अन्याय होईल. भारतीयांचं वेगळं माप कुणा गोऱ्या मालकाने लादलेलं नाही. ते आपल्याच डॉक्टरांनी, कळकळीने तयार केलं. युरोपची समीकरणं लावली की इथला धडधाकट माणूसही आजारी दिसायचा. मग डॉक्टरने करायचं काय? १९७० च्या दशकात मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय माणसांची मापं घेऊन भारतीय निकष मांडले. नंतर मुंबईत आणि उत्तर भारतात इतरांनीही ते केलं. २०१२ मध्ये २६ देशांतल्या ७४ हजारांहून अधिक निरोगी माणसांवरून जी जागतिक समीकरणं आली, त्यांच्यात तर भारतीय उपखंडाचा स्वतंत्र गटच नव्हता. जगाने आपल्याला मोजलं नाही, म्हणून आपण स्वतःला मोजलं. त्या कामाबद्दल मला आदर आहे.

पण याच कामतांचं दुसरं एक काम मला जास्त बोलकं वाटतं. त्याच सुमारास त्यांनी मुंबईतल्या हवेचा आणि छातीच्या आजारांचा संबंध तपासला. सल्फर डायऑक्साइडच्या प्रमाणावरून वस्त्या निवडल्या: सर्वांत जास्त लालबाग, मध्यम चेंबूर, कमी खार. घरोघरी जाऊन माणसं तपासली. धाप, खोकला, जुनाट ब्राँकायटिस यांचं प्रमाण लालबागेत जास्त निघालं. परळच्या ज्या रुग्णालयात भारतीय फुप्फुसाचं माप ठरत होतं, त्याच रुग्णालयाच्या दारातल्या गिरणगावात हवा माणसाच्या छातीचं काय करते हेही नोंदवलं जात होतं. दोन्ही कागद एकाच टेबलावरचे. पुढच्या पन्नास वर्षांत आपण पहिला कागद यंत्रात घातला आणि दुसरा कपाटात ठेवला, ही माझी तक्रार आहे.

'निरोगी माणूस' निवडताना संशोधक काय पाहतात? तो धूम्रपान करत नसावा, त्याला खोकला-धाप नसावी, दम्याचा इतिहास नसावा. ठीक आहे. पण त्याची आई गरोदरपणी काय खात होती, तो जन्मला तेव्हा किती वजनाचा होता, लहानपणी घरात काय जळत होतं, हे विचारून कुणी नमुना गाळत नाही. गाळायचं ठरवलं तर नमुन्याला माणसं उरणार नाहीत. म्हणून जे समीकरण हाती येतं ते 'भारतीय माणसाचं फुप्फुस आज किती आहे' हे सांगतं. 'किती असायला हवं' हे त्यातून कळू शकत नाही. या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे आणि रिपोर्टवरच्या 'नॉर्मल' या एका शब्दात ते बुजून जातं.

हा घोळ आपण एकदा निस्तरलेला आहे, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही अंगणवाडीताईला माहीत असेल. मुलांच्या वजन-उंचीचे तक्ते आठवा. भारतीय मुलं मुळातच बारीक आणि बुटकी, त्यांना पाश्चात्त्य तक्ता कशाला, असं तेव्हाही म्हणत असत. मग जागतिक आरोग्य संघटनेने ६ देशांतली अशी मुलं निवडली की ज्यांच्या वाढीत अडथळे नव्हते: आया धूम्रपान न करणाऱ्या, अंगावरचं दूध मिळालेलं, घरात खायला पुरेसं, दवाखाना जवळ. ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि आपलं दक्षिण दिल्ली. या मुलांची उंची पहिल्या ५ वर्षांत जवळपास सारखी वाढली. २००६ मध्ये त्यावरून नवे तक्ते आले आणि ते आपल्या अंगणवाड्यांत भिंतीवर लागले. मोठ्या मुलांसाठी भारतीय तक्ते वेगळे असावेत का, यावर पुण्यातले बालरोगतज्ज्ञ अजून वाद घालतात आणि तो वाद मोलाचा आहे. पण लहान मुलांच्या बाबतीत तरी 'आमची मुलं अशीच असतात' हे वाक्य मागे पडलं. बुटकेपणाला कुपोषण म्हणता आलं, आणि कुपोषण म्हणता आलं म्हणून त्यावर सरकारला जाब विचारता आला. फुप्फुसाच्या बाबतीत आपण अजून त्या आधीच्या काळात आहोत.

फुप्फुस वाढतं कसं, हे थोडं विस्ताराने सांगते, कारण सगळी ग्यानबाची मेख इथे आहे. श्वासनळ्यांच्या फांद्या आईच्या पोटातच, चौथा महिना सरता सरता फुटून पूर्ण होतात. नंतर त्या जाड-लांब होतात, पण नव्या फांद्या येत नाहीत. त्यांच्या टोकाचे हवेचे बारीक फुगे, म्हणजे वायुकोश, मुख्यतः जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत वाढतात. विशीच्या मध्यापर्यंत फुप्फुस आपल्या शिखरावर पोचतं आणि नंतर प्रत्येकाचं हळूहळू उतरू लागतं. ज्याचं शिखरच बुटकं, त्याला उतरणीवर धाप लवकर गाठते. २०१५ मध्ये अमेरिका आणि डेन्मार्कमधल्या लोकांचा अनेक दशकं मागोवा घेणारं संशोधन आलं. सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद करणारा जुनाट आजार, झालेल्यांपैकी साधारण निम्म्यांची फुप्फुसं कधी झपाट्याने ढासळलीच नव्हती. ती तरुणपणीच पूर्ण भरली नव्हती.

गर्भातल्या वाढीचा माग इंग्लंडमध्ये १९९१ मध्येच लागला होता. हर्टफर्डशरमधल्या जुन्या सुईणींच्या वह्यांतली जन्मवजनं आणि त्याच मुलांची म्हातारपणची फुप्फुसं ताडून पाहिली, तेव्हा कमी वजनाने जन्मलेल्यांचा श्वास कमी भरला. पाठोपाठ म्हैसूरमध्ये, तिथल्या रुग्णालयात जन्मलेल्या प्रौढांवर तसाच अभ्यास झाला आणि तेच दिसलं. आता हे पुण्याजवळच्या खेड्यांशी जोडून पाहा. केईएम पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या प्रसिद्ध अभ्यासात त्या खेड्यांतल्या बाळांचं सरासरी जन्मवजन २.७ किलो होतं, इंग्लंडमधल्या साउथम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. तो अभ्यास मधुमेहाच्या अंगाने गाजला. फुप्फुसाच्या अंगाने त्याच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. पाऊण किलो कमी असलेल्या त्या देहात फुप्फुसाच्या वाट्याला किती कमी आलं असेल?

जन्मानंतर चूल. धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं की जगात विडी-सिगारेट ओढणारे जितके, त्याच्या जवळजवळ तिप्पट माणसं लाकूड-शेणी-काटक्यांच्या धुरात श्वास घेतात. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही देशात स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी घरं ५८.६ टक्केच होती. माझ्या आईसारख्या बायका नमुन्यात 'धूम्रपान न करणाऱ्या, निरोगी' म्हणून मोजल्या जातात. त्यांनी ओढलेला धूर कुठल्याच रकान्यात बसत नाही.

आणि हवा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळासाठी कोलकात्याच्या चित्तरंजन राष्ट्रीय कर्करोग संस्थेने दिल्लीतली ११ हजारांहून जास्त शाळकरी मुलं तपासली होती. ४३.५ टक्के मुलांची फुप्फुसं कमी भरली. तुलनेसाठी घेतलेल्या ग्रामीण मुलांत हे प्रमाण २५.७ टक्के होतं. बातम्यांत पहिला आकडा गाजला. मी दुसऱ्या आकड्यापाशी अडकले. जिथली हवा चांगली म्हणून तुलनेला घेतली, तिथेही चौथा हिस्सा मुलं कमीच. गावात आकाश निळं असेल, पण घरात चूल आहे आणि ताटात पुरेसं नाही.

हे उलटं फिरतं का? फिरतं. या सगळ्या विषयात मला धीर देणारं संशोधन हेच आहे. दक्षिण कॅलिफोर्नियात १९९० च्या दशकापासून मुलांच्या तीन पिढ्या, म्हणजे एकामागून एक तीन गट, ११ ते १५ वर्षांच्या वयात दरवर्षी फुंकायला लावून मोजले. दरम्यान तिथल्या वाहनांचे आणि इंधनाचे नियम कडक होत गेले, हवा सुधारली. १५ व्या वर्षी ज्यांची फुप्फुसं कमी भरतात अशा मुलांचं प्रमाण पहिल्या गटात ७.९ टक्के होतं, दुसऱ्यात ६.३, तिसऱ्यात ३.६. दमा असलेल्या मुलांत सुधारणा दिसली आणि नसलेल्यांतही दिसली. गोऱ्या मुलांत दिसली, लॅटिन वंशाच्या मुलांतही दिसली. मुलांची वांशिकता पंधरा वर्षांत बदलली नव्हती.

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही. लंडनमध्ये शाळकरी मुलांचा एक काटेकोर अभ्यास झाला. तिथे जन्मलेली, बरं खाणारी-पिणारी भारतीय वंशाची मुलं त्याच शाळांतल्या गोऱ्या मुलांपेक्षा दहा-बारा टक्के कमी फुंकत होती. घरच्या सांपत्तिक स्थितीने तो फरक फारसा उलगडला नाही. धडाची लांबी, छातीची ठेवण हे धरलं तर काही भाग उलगडला, सगळा नाही. म्हणजे शरीराच्या घडणीचा वाटा असू शकतो. तो नाकारण्यात मला स्वारस्य नाही. दोन समान उंचीच्या माणसांत एकाचे पाय लांब आणि दुसऱ्याचं धड लांब असेल तर हवा दुसऱ्याची जास्त असणार, हे कुणालाही पटेल.

पण त्याच संशोधकांनी भारतातल्या शाळांतही मोजमापं घेतली. २०१५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. आपल्या शहरांतल्या सुस्थितीतल्या मुलांची फुप्फुसं लंडनच्या भारतीय मुलांइतकीच भरली. निमशहरी मुलांची त्याहून कमी, आणि खेड्यातल्या मुलांची सर्वांत कमी. उंची हिशेबात धरल्यावरही. हा फरक गोऱ्या आणि सावळ्यांमधला नाही, आपल्याच दोन मुलांमधला आहे. आणखी एक आकडा यांच्या शेजारी ठेवते. २०१३ मध्ये १७ देशांतल्या, आयुष्यात धूम्रपान न केलेल्या प्रौढांची तुलना प्रसिद्ध झाली. वय आणि उंची समान धरूनही दक्षिण आशियातल्या माणसाचा पहिल्या सेकंदातला श्वास युरोप-उत्तर अमेरिकेतल्या माणसाच्या तुलनेत सुमारे ३१ टक्क्यांनी कमी होता. लहान मुलांचे आणि प्रौढांचे आकडे एकमेकांतून सरळ वजा करता येत नाहीत, हे मला कळतं. तरीही दहा-बारा आणि एकतीस यांच्यामध्ये जी मोठी जागा उरते, ती जनुकांच्या खात्यावर टाकून झोपी जाणं मला जमत नाही. शिवाय लंडनच्या त्या दहा-बारा टक्क्यांतही आजीचं गरोदरपण असू शकतं. लहान जन्मलेल्या आईच्या पोटी लहान बाळ जन्मतं, आणि ही साखळी विमानात बसलं म्हणून तुटत नाही.

मग उद्यापासून सगळ्या यंत्रांत जागतिक समीकरण घालायचं का? माझं उत्तर नाही असं आहे. तसं केलं तर एका रात्रीत कोट्यवधी माणसं 'रोगी' होतील. फुप्फुसाच्या कर्करोगात शस्त्रक्रिया झेपेल की नाही हे याच टक्क्यांवर ठरतं, तिथे माणूस विनाकारण शस्त्रक्रियेला मुकेल. नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत खेड्यातला पोरगा बाद होईल, शहरातला पास होईल. ज्याच्यावर आधी उपासमारीने अन्याय केला त्याच्यावर मग तक्त्याने करायचा, हे कुणालाच नको. औषध कुठलं द्यायचं हे ठरवताना डॉक्टरला आजच्या भारतीय सरासरीची तुलना उपयोगी पडत असेल तर ती त्याने जरूर करावी.

दम्याच्या बाबतीत तर हा वाद बराचसा बाजूलाच राहतो, हे दम्याच्या रुग्णांनी ध्यानात घ्यावं आणि घाबरू नये. दम्यात मूळ प्रश्न असतो नळ्या आवळण्याचा. एकूण हवेपैकी पहिल्या सेकंदात किती बाहेर आली हे प्रमाण वंशागणिक फारसं बदलत नाही. औषधाची वाफ दिल्यावर श्वास किती सुधारला, हे तर माणसाचं स्वतःशीच मोजमाप आहे. फुंकरीचा वेग मोजणारा, घरी वापरायचा पीक फ्लो मीटर काही शे रुपयांत मिळतो. त्यावर रुग्णाचा बऱ्या दिवसांतला सर्वांत चांगला आकडा लिहून ठेवायचा आणि पुढे त्याच्याशीच तुलना करायची. माझ्या भाचीला बाळदमा आहे. तिच्या फ्रिजवर तो तक्ता चिकटवलेला आहे आणि त्यात ती कोणत्या वंशाची हे कुठेही लिहिलेलं नाही. पण दमा आणि फुप्फुसाची वाढ यांचा दुवा आहे, आणि आपल्याकडे 'पंपाची सवय लागते' म्हणून मुलांचं औषध बंद करणाऱ्या घरांनी तो ऐकायला हवा. अमेरिका-कॅनडातल्या, सतत दमा असलेल्या ६८४ मुलांचा मोठेपणापर्यंत मागोवा घेतला, त्यातल्या ७५ टक्के मुलांच्या फुप्फुसांची वाढ किंवा उतरण बिघडलेली निघाली. विशी-पंचविशीतच ११ टक्क्यांचे आकडे सीओपीडीच्या कसोटीत बसत होते. अशा मुलाला इथे भारतीय सरासरीने तोललं आणि 'नॉर्मल' म्हणून घरी पाठवलं तर त्याची हुकलेली वाढ कुणाच्या नजरेला येणार?

माझं मागणं मोठं नाही. पहिलं, रिपोर्टवर टक्क्यांच्या आधी लिटर ठळक लिहा, आणि टक्के कुठल्या माणसांशी तुलना करून काढलेत ते मराठीत, वाचता येईल अशा अक्षरांत लिहा. भारतीय तुलना आणि जागतिक तुलना दोन्ही शेजारी-शेजारी छापा. सॉफ्टवेअरला हे क्षणात जमतं, मी डोळ्यांनी पाहिलं आहे. निर्णय डॉक्टरच घेतील, पण कागदाने निम्मी गोष्ट लपवू नये.

दुसरं, कामगारांसाठी. दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस, ॲस्बेस्टॉसने होणारा ॲस्बेस्टॉसिस, कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस हे रोग १९४८ च्या कारखाना कायद्यात नोंद करणं सक्तीचं असलेले रोग म्हणून दिलेले होते. ॲस्बेस्टॉसच्या कामगारांना भरपाई द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितलं. दगडखाणीतल्या माणसाचं किती फुप्फुस गेलं हे ठरवताना त्याची तुलना भारतीय सरासरीशी करणं म्हणजे बाल्टिमोरच्या कंपनीचा युक्तिवाद न बोलता मान्य करणं आहे. त्याची तुलना त्याच्याशीच करा. कामावर घेतानाची फुंकर नोंदवा, दरवर्षी पुन्हा घ्या, आणि तो कागद मालकाच्या कपाटात न ठेवता कामगाराच्या हातात द्या. ३.६ लिटरने आलेला माणूस १० वर्षांनी २.६ वर आला तर ते एक लिटर कुठे गेलं हे विचारायला कुठल्याही वंशाचं समीकरण लागत नाही.

तिसरं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून शाळाशाळांत जातात. मुलांची उंची घेतात, वजन घेतात, दात-डोळे-कान पाहतात. शोधायच्या आजारांच्या यादीत दम्यासारखा श्वासनळ्यांचा आजारही आहे. पण मुलाला फुंकायला कुणी सांगत नाही. साऱ्या शाळांत जमणार नाही हे मान्य. स्पायरोमेट्री नीट करून घ्यायला हात शिकलेला लागतो. आईला चार वेळा फुंकावं लागलं, १० वर्षांच्या पोराला सहा वेळा लागेल. म्हणून निवडक शाळांपासून सुरुवात करा. चंद्रपूरच्या वीजकेंद्राजवळची एक, मुंबईत माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांजवळची एक, नंदुरबारच्या पाड्यातली एक, आणि पुण्यातली सुखवस्तू मुलांची एक. १० व्या वर्षी आणि १५ व्या वर्षी, त्याच मुलांची. सोबत त्यांचं जन्मवजन आणि घरातलं इंधन लिहा. दर ५ वर्षांनी नवा गट घ्या. कॅलिफोर्नियाने जे केलं त्यात यापेक्षा वेगळी जादू नव्हती. त्यातून आपल्याला दोन गोष्टी कळतील. ज्यांच्या वाढीत अडथळे नव्हते अशा मराठी मुलांची फुप्फुसं किती भरतात ते कळेल, म्हणजे रिपोर्टवरचा 'नॉर्मल' कशाला म्हणायचं त्याचा पाया मिळेल. आणि नंदुरबारचं मूल पुण्याच्या मुलापेक्षा किती लिटरने मागे आहे तेही कळेल.

मी हे आईला सांगितलं, तिच्या भाषेत, जमेल तसं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, की गावाकडची तिची जाऊ, जी अजून चुलीवरच करते, तिला पण हे फुंकायला नेता येईल का. पुढच्या महिन्यात नेणार आहे. तिच्या रिपोर्टवर दोन्ही टक्के लिहून द्या, असं त्या मुलाला आधीच सांगून ठेवलं आहे.